एकटं नसलेलं अस्वल



वन्यप्राण्यांवर व्याख्यान म्हटलं की श्रोता वाघाची वाट पाहतो. मी आज अस्वलाविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आपलं रायपूरच आहे. इथून महासमुंदच्या रस्त्याला लागून बागबाहरा गाठलं की जवळच घुंचापालीच्या डोंगरीवर चंडीमातेचं देऊळ आहे. संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास तिथे जंगलातली अस्वलं येतात, प्रसाद खातात आणि परत जातात. बरोबर बऱ्याचदा पिल्लं असतात. रायपूरची कितीतरी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी हे बघायला जातात. उत्तरेला मरवाहीच्या बाजूला मात्र अस्वलाचा विषय निघाला की फाटलेल्या चेहऱ्यांच्या आणि गेलेल्या डोळ्यांच्या गोष्टी निघतात. एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात तिथल्या, म्हणजे तेव्हाच्या उत्तर बिलासपूर वनविभागातल्या, हल्ल्यांचा अभ्यास झाला. त्यात १३७ हल्ले नोंदले गेले आणि ११ माणसं दगावली. त्याआधी अविभाजित मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत ७३५ हल्ले आणि ४८ मृत्यू, अशी नोंद आहे. एकाच मुलखात, एकाच जातीच्या प्राण्याची ही दोन चित्रं आहेत. एका चित्रात अस्वल भाविक आहे, दुसऱ्यात खुनशी. माझं म्हणणं असं आहे की ही दोन्ही चित्रं एकाच सवयीतून तयार झाली. आपण अस्वल एकेकटं मोजतो. हल्ल्याच्या नोंदीत एक अस्वल, देवळाच्या पायरीवर एक अस्वल, प्राणिगणनेत एक अस्वल. पण प्रौढ मादीच्या आयुष्यातला बराच मोठा काळ ती एकटी नसतेच. आई आणि पिल्लं मिळून जे कुटुंब होतं, त्याला एकक धरल्याशिवाय अस्वलाचं वागणं उलगडत नाही, आणि त्याच्याशी कसं वागावं हेही ठरत नाही.

आधी हे कुटुंब कसं वाढतं ते पाहू. बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपासून मरवाहीपर्यंत आपल्याकडे जे काळं, झिपऱ्या केसांचं अस्वल आहे, त्याचा समागमाचा काळ साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस येतो आणि पिल्लं थंडीच्या दिवसांत, बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास जन्मतात. एका वेळी एक किंवा दोन, क्वचित तीन. जन्म खडकाच्या कपारीत नाहीतर उकरून केलेल्या बिळात होतो. आपल्याकडचं अस्वल हिमप्रदेशातल्या अस्वलांसारखं हिवाळाभर झोपून राहत नाही. विलेली मादी मात्र सुरुवातीचे आठवडे बहुतेक आतच असते, खाणं जवळजवळ सुटलेलं असतं आणि अंगावरच्या चरबीवर ती पिल्लांना पाजते. पिल्लांचे डोळे उघडायला तीनेक आठवडे लागतात. दोन-अडीच महिन्यांनी ती बाहेर येतात, ती आईच्या पाठीवर बसूनच. पुढचे सहा-सात महिने पाठ हेच त्यांचं घर. त्यानंतरही ती आईला सोडत नाहीत. दीड ते अडीच वर्षांची होईपर्यंत बरोबर हिंडतात. तेवढा काळ आई पुन्हा विणार नाही. म्हणजे एका मादीची पिल्लं दोन-तीन वर्षांतून एकदा, तीही एक किंवा दोन. नराचा या संसाराशी संबंध समागमापुरता. उलट पिल्लं असलेली मादी नरांपासून लांबच राहते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो साधा नाही. 'कुटुंब', 'संसार', 'आई' हे शब्द वापरून आपण आपले भाव प्राण्यावर लादतो आहोत, असं कुणी म्हणेल. आईचं काळीज वगैरे बोलून भाषण रंगवता येतं, पण त्यातून ज्ञान मिळत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून मी नातं हा शब्द फक्त मोजता येईल तेवढ्याच अर्थाने वापरतो. दूध किती महिने पाजलं, अंतर किती राखलं, धोका दिसल्यावर कोण कुणाकडे गेलं, कुठलं खाणं कुणी आधी उकरलं आणि कुणी नंतर तोंड घातलं. नेपाळच्या चितवनमध्ये ए. लॉरी आणि जॉन सायडेन्स्टिकर यांनी १९७० च्या दशकात असं निरीक्षण केलं, नंतर १९९० च्या दशकात अनुप जोशी, डेव्हिड गार्शेलिस आणि जेम्स स्मिथ यांनी रेडिओ कॉलर लावून केलं. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात के. योगानंद यांनी केलं. या कामांत काळीज कुठेच येत नाही. येतात ती वेळापत्रकं, वावरक्षेत्रं आणि विष्ठेतल्या बिया. त्यांतूनही हे नातं इतकं ठसठशीत दिसतं की त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

पाठीवर पिल्लं घेऊन हिंडणं ही अस्वलांच्या कुळात फक्त आपल्या अस्वलाचीच नेहमीची रीत आहे. ती नीट पाहण्यासारखी आहे. मादीच्या खांद्यांवर आणि पाठीवर केस लांब आणि दाट असतात. पिल्लू पोटावर आडवं होऊन ते मुठीत धरतं. दोन पिल्लं असली तर एक पुढे खांद्याशी, एक मागे कमरेशी. आई वारुळाशी थांबली की दोन्ही घसरून खाली उतरतात. ती लांब वाकड्या नखांनी वारूळ फोडते, तोंड आत घालते, जोराने फुंकून माती उडवते आणि मग वाळवी ओढून घेते. वरचे मधले दोन दात तिला नसतातच. त्या फटीतून आणि पुढे काढलेल्या ओठांच्या नळीतून ही ओढ चालते, तिचा आवाज शांत जंगलात बऱ्याच लांबून ऐकू येतो. पिल्लं त्याच भोकात नाक खुपसतात. काही खुट्ट झालं की आईच्या मागच्या पायावरून चढून क्षणात पुन्हा पाठीवर. पिल्लं पाठीवर असतानाच माद्या वैऱ्याशी भिडल्याच्याही नोंदी आहेत.

ही रीत का पडली असावी? अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाची मादी धोका दिसला की पिल्लांना झाडावर पाठवते. तिथल्या रानात ते पुरतं. आपल्याकडे झाडावर बिबट्या चढतो, आणि झाडंही जागोजाग नसतात. गवत, खडक, झुडपं आणि मधूनच एखादं मोठं झाड, असा हा मुलूख. वाघ आणि बिबट्या यांच्या शेजारात पिल्लू वाढवायचं तर दोनच मार्ग उरतात. ते सतत अंगावर बाळगायचं, आणि पळण्यापेक्षा अंगावर धावून जायचं. २०१८ साली ताडोब्यात मटकासुर नावाच्या वाघाशी पिल्लू असलेल्या एका मादी अस्वलाची झुंज झाली. तिचं चित्रण आपल्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिलं असेल. पाणवठ्याशी वाघाची गाठ पडली, पिल्लू जवळ होतं, आणि ती वाघाशी भिडली. तिला चांगलाच मार बसला, पण ती जिवंत निघाली. लोकांनी ते शौर्य म्हणून पाहिलं. मला त्यात हजारो पिढ्यांचा हिशेब दिसतो. अशा ठिकाणी पळून जाणाऱ्या आयांची पिल्लं उरली नाहीत, अंगावर जाणाऱ्यांची उरली. पिल्लू पाठीवर घेणारा आणि माणसाचा चेहरा ओरबाडणारा हा एकच स्वभाव आहे. त्यातलं अर्धं गोड मानून दुसऱ्या अर्ध्याला क्रूर म्हणणं ही आपली सोय झाली.

आता एक गोष्ट अशी की जी मरवाहीला थेट लागू पडते. चितवनच्या अभ्यासात आढळलं की पिल्लं असलेल्या माद्या आणि अजून पुरती वाढ न झालेली अस्वलं इतरांपेक्षा दिवसा जास्त हिंडतात. रात्र नरांची आणि वाघाची, म्हणून आई पिल्लांना घेऊन दिवसाचा भाग धरते. आरक्षित जंगलात हे शहाणपण आहे. गावांच्या मधल्या तुटक जंगलात मात्र दिवस हा माणसांचा असतो. त्यात फुलांचं वेळापत्रक जोडून पाहा. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो. फुलं रात्रभर आणि पहाटे पडतात, म्हणून बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. अस्वलालाही मोहफूल फार आवडतं. थंडीत जन्मलेली पिल्लं तेव्हा तीन-चार महिन्यांची, आईच्या पाठीवर. आई कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी राहून बाहेर पडलेली. म्हणजे ज्या काळात पिल्लं अजून असहाय असतात आणि आईची भूक मोठी असते, नेमक्या त्याच काळात एका झाडाखाली दोन कुटुंबं येतात. पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गाव रानात जातं, तेव्हाही पिल्लं पाठीवरच असतात. अस्वलाची नजर अधू, नाक तीक्ष्ण, आणि खाताना त्याचा स्वतःचाच आवाज इतका असतो की येणाऱ्या पावलांची चाहूल लागत नाही. समोरासमोर आल्यावर मधलं अंतर पाच-दहा पावलांचं उरतं. तिथे ती काय करणार हे वाघाने केव्हाच ठरवून ठेवलं आहे.

यावर कुणी नोंदवहीच पुढे करील. उत्तर बिलासपूरच्या अभ्यासात सर्वाधिक हल्ले पावसाळ्यातले आहेत, आणि निम्म्याहून अधिक गावाशेजारी, शेतात आणि घरामागच्या बारीत झालेले आहेत. तेव्हा तर पिल्लं तान्ही नसतात. शिवाय हल्ला करणारी सगळी अस्वलं आया नसतात. एकटा नरही अंगावर येतो. आक्षेप बरोबर आहे आणि त्याने माझं म्हणणं थोडं आवरतं घ्यावं लागतं. आईपणा हे सगळ्या हल्ल्यांचं कारण नाही. अचानक आणि फार जवळून गाठ पडणं हे कारण सगळ्यांना सामाईक आहे. पण पावसाळ्याचा मुद्दा उलटाही वाचता येतो. त्या दिवसांत पिल्लं सहा-आठ महिन्यांची, पाठीला जड होत चाललेली, बराच वेळ पायांवर चालणारी, आणि आईपासून चार पावलं इकडेतिकडे जाणारी असतात. बारीत मका डोक्याएवढा उभा असतो. पाठीवरचं पिल्लू कुठे आहे हे आईला ठाऊक असतं. मक्यात शिरलेलं पिल्लू आणि आई यांच्या मध्ये माणूस नकळत येऊ शकतो. आणि मुळात ती बारीत का आली? तिच्या डोंगरीचे खडक गिट्टीसाठी फुटले, उंबर-जांभूळ-चारोळी-बोरांची झाडं विरळ झाली, आणि मका-भुईमूग मात्र कपारीपासून हाकेच्या अंतरावर आले. मरवाहीचं जंगल असं आहे की त्यात अस्वलाच्या डोंगऱ्या शेतांच्या समुद्रात बेटांसारख्या उरल्या आहेत. चितवनमध्ये एका मादीचं वावरक्षेत्र सरासरी ९ चौरस किलोमीटरच्या आसपास निघालं. मरवाहीत तेवढ्या जागेत किती गावं, किती रस्ते आणि किती बाऱ्या बसतात, याचा अंदाज इथल्या कुणालाही करता येईल.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ज्यांच्या घरातलं माणूस चेहरा गमावून आलं त्यांच्यापुढे अस्वलाच्या संसाराची गोष्ट सांगणं ही शहरी चैन नव्हे का? चैन होईल, जर ती गोष्ट त्यांच्याकडून दया मागण्यासाठी सांगितली तर. मी ती सांगतो ती त्यांच्या उपयोगासाठी. पहाटे मोहाखाली एकटीने जाऊ नये, चार जणींनी बोलत, आवाज करत जावं, हा सल्ला भीतीतून दिला तर दोन दिवस टिकतो. अस्वलाला चाहूल लागावी आणि पिल्लं गोळा करून निघून जायला वेळ मिळावा, हे कारण कळलं तर तो टिकायची शक्यता वाढते. पिल्लू दिसलं म्हणजे आई जवळ आहे, हे रानातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण रस्त्याकडेला पिल्लू बघून मोबाइल काढणाऱ्या पाहुण्याला सांगावं लागतं.

आता घुंचापालीकडे येतो, आणि इथे मला जास्त वेळ लागणार आहे, कारण या देवळाविषयी श्रोत्यांच्या मनात प्रेम आहे आणि ते मी समजू शकतो. तिथे श्रद्धेने एक मोठं काम केलं आहे. त्या डोंगरीचे खडक शाबूत राहिले, कपारी शाबूत राहिल्या. देवीची जागा म्हणून कुणी तिथे सुरुंग लावला नाही. वनखात्याच्या कुंपणाने जे अनेक ठिकाणी साधलं नाही ते एका देवळाने साधलं. माझी हरकत देवळाला नाही, ताटाला आहे. पिल्लू दोन वर्षं आईबरोबर असतं ते कशासाठी? नुसत्या दुधासाठी असतं तर काही महिने पुरले असते. या दोन वर्षांत ते ऋतूंची एक फेरी, बहुधा दोन, आईच्या मागून पुरी करतं. मोह कुठे पडतो, बाहव्याच्या शेंगा कुठे पिकतात, कुठल्या उंबराला केव्हा फळ येतं, कुठली वारुळं पाऊस पडल्यावर मऊ होतात, कुठल्या ढोलीत मध आहे. हा नकाशा त्याला दुसरं कुणी देत नाही. घुंचापालीला आई पिल्लांना घेऊन येते तेव्हा त्या नकाशावर ती एक खूण करते, आणि ती खूण माणसाच्या हाताची असते. नारळ, साखरफुटाणे, बिस्किटं.

खूण पुढच्या पिढीत उतरते, याचा पुरावा परदेशातल्या अभ्यासांत मिळतो. अमेरिकेत योसेमिटी आणि सेक्वोया राष्ट्रीय उद्यानांतल्या काळ्या अस्वलांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की माणसांच्या वस्तीत अन्न शोधणाऱ्या आयांची पिल्लं मोठी झाल्यावर तेच करण्याकडे झुकतात. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात तपकिरी अस्वलांच्या जनुकीय नमुन्यांवरून आईबाप ओळखून २०१६ साली जो निष्कर्ष आला तो आणखी नेमका होता. उपद्रवी आईची पिल्लं उपद्रवी निघण्याची शक्यता जास्त, आणि बाप उपद्रवी असण्याचा मात्र काही संबंध नाही. बाप रक्त देतो, शिकवत नाही. आईचं रक्त आणि शिकवण दोन्ही मिळतं, आणि फरक पडतो तो शिकवणीने. सगळेच अभ्यास एका बाजूला झुकत नाहीत, हेही सांगायला हवं. २००८ सालीच नात्यांच्या जनुकीय मोजणीवर आधारलेल्या काळ्या अस्वलांच्या दुसऱ्या एका अभ्यासात उपद्रव घराण्यात चालतो असं फारसं दिसलं नाही. प्रौढ अस्वल स्वतःहून किंवा दुसऱ्याचं बघूनही शिकू शकतं. पण आल्बर्टाची मांडणी आईबाप वेगळे करून पाहणारी आहे, म्हणून मला ती अधिक वजनदार वाटते. शिवाय आपल्या पिल्लांचा आईबरोबरचा काळ अमेरिकी काळ्या अस्वलाच्या पिल्लांपेक्षा कमी नाही, उलट बरेचदा जास्तच आहे.

घुंचापालीचे भक्त म्हणतील, इतकी वर्षं अस्वलं येतात, कुठे काय झालं? हाच युक्तिवाद अमेरिकेतही झाला. मिनेसोटात लिन रॉजर्स यांनी काळ्या अस्वलांच्या नात्यांचा दीर्घ अभ्यास केला. आई आपल्या हद्दीतला तुकडा मुलीला वापरू देते आणि मुलगे लांब निघून जातात, हे त्यांनी १९८७ च्या ग्रंथात दाखवलं. अस्वलांच्या कौटुंबिक जीवनाविषयी आपल्याला जे कळलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. तेच पुढे हाताने खाऊ घालून जवळून निरीक्षण करत, आणि खाऊ घातल्याने उपद्रव कमी होतो असं मांडत. २०१३ साली तिथल्या राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाने त्यांचा परवाना वाढवून दिला नाही. अस्वलं माणसाला निर्ढावतात, ही विभागाची चिंता होती. या वादात मी विभागाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण मुलींच्या हद्दीचा तोच शोध आहे. अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाची मुलगी आईच्या शेजारी राहते. आपल्या अस्वलातही तसं होत असेल, तर देवळाच्या पायरीवर वाढलेली मादी आसपासच विणार आणि आपली पिल्लं त्याच पायरीवर आणणार. पायरीवरचा माणूस हात जोडून उभा असतो. पण तीच पिल्लं दोन वर्षांनी आईपासून सुटून, माणूस म्हणजे खाणं हे शिकून, बागबाहऱ्याच्या आसपासच्या एखाद्या बारीत शिरतात, तेव्हा तिथला माणूस काठी घेऊन उभा असतो. देवळात आजवर काही झालं नाही, हे मान्य केलं तरी त्याने देवळाबाहेरचा प्रश्न सुटत नाही.

आईवाचून काय होतं, हेही पाहायला हवं. आई मारली गेली, किंवा हिवाळ्यात कपारीतून कुणी पिल्लू उचलून आणलं, की बहुधा पिंजरा हाच शेवट ठरतो. दरवेशांची नाचती अस्वलंही अशीच आईपासून तोडलेली पिल्लं होती. ती प्रथा २००९ च्या सुमाराला संपल्याचं मानलं जातं. अरुणाचल प्रदेशात पक्केजवळ २००२ पासून पोरक्या हिमालयी काळ्या अस्वलांना रानात परतवण्याचं केंद्र चालतं. तिथे राखणदार पिल्लांना घेऊन रोज जंगलात चालतो, महिनोन्‌महिने, आणि पिल्लं हळूहळू रानातलं खाणं ओळखू लागतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशरला बेन किल्हॅम यांनीही पोरकी पिल्लं अशीच वाढवली. एक माणूस पूर्ण वेळ देऊन जे अर्धंमुर्धं करतो ते आई पोट भरता भरता करते. म्हणून पाठीवर दोन पिल्लं असलेली मादी मारली गेली तर हिशेबात एक अस्वल कमी झालं असं धरणं खोटं आहे. त्या डोंगरीची पुढची काही वर्षं गेली.

मग करायचं काय? कांकेरजवळ जामवंत परियोजनेच्या नावाने अस्वलांसाठी फळझाडं लावण्याचा प्रयत्न झाला. कल्पना चांगली आहे, पण फळं यायला वर्षं लागतात आणि खडक फुटायला एक आठवडा. म्हणून आधी डोंगऱ्या. ज्या डोंगरीत मादी विते ती गिट्टीच्या खाणपट्ट्यातून वगळली पाहिजे, निदान नोव्हेंबर ते मार्च तिथे सुरुंग आणि आग बंद पाहिजे. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जी रीत आहे तिची आग कपारींपर्यंत जाऊ नये, हे गावसमित्या सहज बघू शकतात. घुंचापालीला आरती चालू द्यावी, अस्वलांना येऊ द्यावं, ताट बंद करावं. ते एकदम करू नये. अस्वल रागावून पायरीवर बसायला नको. ताट हळूहळू मागे, डोंगराच्या पोटाशी, आणि मग नाही.

आणि शेवटी एक कारकुनी सूचना, कारण माझा कारकुनीवर विश्वास आहे. अस्वलाने माणसाला जखमी केलं की नुकसानभरपाईसाठी पंचनामा होतोच. त्यात चार गोष्टी लिहाव्यात. पिल्लं बरोबर होती का, किती, पाठीवर होती की चालत, आणि पाठीवर असतील तर साधारण मांजराएवढी की कुत्र्याएवढी. जखमी माणसाला किंवा बरोबरच्याला हे विचारायला दोन मिनिटं लागतात. मरवाही, कांकेर आणि महासमुंद या तीन ठिकाणी पाच वर्षं हे लिहिलं गेलं, तर कुठल्या डोंगरीखाली कुठल्या पंधरवड्यात पहाटे बायांना पाठवू नये, हे वनरक्षक नाव घेऊन सांगू शकेल.